भुसा वरून, वाळवी खालून: गावच्या घराच्या नोंदी

शनिवार, ११ मे २०२४

सकाळी कुडाळला उतरले, घरी पोचेपर्यंत साडेसात. चहा घ्यायच्या आधीच आप्पांनी हाताला धरून माजघरात नेलं आणि ट्रंकेचं झाकण दाखवलं. काळ्या झाकणावर पिवळट भुशाचे छोटे छोटे ढीग, मोजून सहा. वर बघितलं तर प्रत्येक ढिगाच्या बरोबर वर वाशाला भोक. आप्पांचं म्हणणं वाळवी लागली, छप्पर उतरवून लोखंडी ट्रस आणि पत्रा घालायचा, एस्टिमेटसुद्धा मागवून झालंय. म्हणजे मी यायच्या आधीच निकाल लागलेला, मी फक्त पैशाला!

म्हटलं थांबा, आधी नीट बघू. या नोंदी म्हणूनच सुरू केल्या, कारण दोन महिन्यांनी कोण काय म्हणालं होतं यावरून आमच्याकडे हमखास भांडण होतं.

भुसा चिमटीत घेऊन चोळला, अगदी मैद्यासारखा, कण लागतच नाहीत. भोकं बारीक, टाचणीच्या डोक्याएवढी, गोल. दुपारी मेस्त्री आले, त्यांनी वर नुसतं बघितलं आणि म्हणाले, "बाय, ह्यो भुंगो. वाळवी आसती तर भुसो खंय पडतलो? ती कायच भायर टाकणा नाय."

हे वाक्य ऐकून मी तिथेच थांबले. आपण सगळे लाकडाखाली भुसा दिसला की वाळवी म्हणून मोकळे होतो. पण जमिनीतून येणारी वाळवी भुसा सांडत नाही, लाकूड खाते आणि आतल्या पोकळीत मातीचं लिंपण करते. म्हणजे ती दिसली तर माती म्हणून दिसणार. भुसा पाडणारी एक वाळवी असते खरी, कोरड्या लाकडातच राहणारी, तिला जमिनीची गरज नसते, पण तिचा भुसा म्हणजे पीठ नसतं, खसखशीसारखे सुटे दाणे असतात आणि भिंगातून बघितलं तर दाण्याला सहा कडा दिसतात. आप्पांचं पेपर वाचायचं भिंग आणलं. कडा नाहीत, दाणे नाहीत, नुसतं पीठ. भुंगेराच.

अजून एक गोष्ट लक्षात आली, भुसा फक्त नव्या वाशांखाली आहे. दोन वर्षांपूर्वी चार वासे बदलले होते, आंब्याचे, ओले असतानाच चढवले होते. आजोबांच्या वेळचे किंदळाचे वासे शंभर टक्के ठणठणीत. भुंगेऱ्याला लाकडाच्या बाहेरच्या पांढरट भागातला स्टार्च हवा असतो, आतल्या गाभ्याला तो सहसा तोंड लावत नाही. मेस्त्री म्हणतात वासे चांदण्याच्या पंधरवड्यात तोडले, म्हणून लागला. त्यावर मी काही बोलले नाही, कारण तोडून आणणारे आप्पाच.

सहा भोकांभोवती पेनाने गोल केले, ट्रंकेवर पांढरा कागद पसरला. छप्पर उतरवायचं सध्या रद्द. आप्पा नाराज.

रविवार, १२ मे

खरं तर काम संपलं असं वाटत होतं. पण आलेच आहे तर वाळवी खरंच कुठे नाही ना बघू, म्हणून सकाळी टॉर्च, मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि खडू घेऊन घराला फेरी मारली. पद्धत साधी: स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक चौकट खालपासून वरपर्यंत ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. भरीव लाकूड टक्क करतं. ओटीचं दार, दोन्ही खिडक्या, देवघर, सगळं टक्क. आई मागून "अगो सकाळी सकाळी दारं काय बडवतेस" करत फिरतेय.

मग बाहेरून जोतं बघितलं. पुढची बाजू स्वच्छ. उजवी बाजू, स्वच्छ. मागच्या पडवीत मात्र आईची पावसाची बेगमी. लाकडं, शेणी, माडाच्या चुडत्या, नारळाची सोडणं, सगळं भिंतीला टेकवून कमरेएवढं रचलेलं. दरवर्षीचं आहे हे, लहानपणापासून बघतेय, कधी काही वाटलं नाही. आज वाटलं की या ढिगामागची भिंत मी वीस वर्षांत बघितलेली नाही.

अर्धा ढीग उपसायला तास गेला (एक विंचू, दोन पाली). आणि मागे ती होती. जमिनीतून निघून जोत्याच्या चिऱ्यावरून सरळ वर जाणारी मातीची रेघ, पेन्सिलीएवढी जाड, कोणीतरी ओल्या मातीची वळी करून चिकटवल्यासारखी. थोडी वर जाऊन दोन फाटे, एक फाटा चिऱ्यांच्या दरजेत शिरलेला, दुसरा मागीलदाराच्या चौकटीकडे.

दोन इंचाचा तुकडा नखाने उडवला. आतून पांढरट, मऊ, तांदळाच्या कणीसारखे जीव इकडेतिकडे पळायला लागले, त्यातले तीन-चार वेगळे, डोकं मोठं, पिवळट तपकिरी, पुढे कात्रीसारखे जबडे. हे शिपाई. गंमत म्हणजे बाकीचे पळून जाताना हे उलटे भोकाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. कामकरी वाळवी आंधळी असते आणि अंग इतकं नाजूक की उघड्या हवेत सुकून मरते, म्हणून जाईल तिथे ती स्वतःचा ओला बोगदा सोबत नेते. पांढरी मुंगी म्हणतात पण मुंगीशी नातं नाही, झुरळांच्या खानदानातली आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, तरीच.

तुटलेल्या जागी चिऱ्यावर पेन्सिलने तारीख टाकली.

सोमवार, १३ मे

सकाळी बघितलं तर तुटलेले दोन इंच जवळजवळ पूर्ण भरलेले. नवीन माती गडद, ओली, जुनी फिकट. म्हणजे चालू आहे, जुनी सोडून दिलेली वाट नाही. रेघ मोडून दोन-चार दिवस वाट बघा म्हणतात, इथे एका रात्रीत रिपेअर. आमच्या सोसायटीच्या लिफ्टवाल्याला दाखवायला पाहिजे.

आता दरजेत शिरलेली रेघ आत कुठे निघते ते शोधायचं. जांभ्याचा चिरा मुळात भोकाभोकांचा आणि आमच्या भिंतीतली दरज मातीचीच, सिमेंटचं पॉइंटिंग फक्त बाहेरून दिसायला. वाळवीसाठी हायवे झाला हा. टेपने मोजलं, आतल्या बाजूला ती जागा येते फडताळाच्या खालच्या कप्प्यात.

फडताळ उघडलं, काहीच नाही. वह्या, पोथ्या, लाल कापडात बांधलेले जमिनीचे कागद, सगळं जागच्या जागी, वरची वही उचलली तर चांगली. दुसरी चांगली. तिसरी उचलताना हलकी लागली. पुठ्ठा शाबूत, कडेने पानं शाबूत, उघडली तर मधे काही नाही! कडांची चौकट तेवढी शिल्लक आणि आत माती, कागदाच्या थरांना धरून, नकाशातल्या नद्यांसारखी. खालच्या चार वह्या म्हणजे एकच ढेकूळ. आजोबांची बागेच्या हिशेबाची वही होती त्यात, किती शेकडा नारळ कोणाला दिले वगैरे. सातबारा काय, ऑनलाइन परत निघेल, ती वही नाही निघणार.

आप्पा ते ढेकूळ हातात घेऊन बराच वेळ ओटीवर बसले होते.

फडताळाच्या मागच्या फळीवर बोट लावलं तर गार आणि दमट. पलीकडे न्हाणीघर आहे. नळाखालची लादी फुटलीय, पाणी भिंतीत मुरतं, हे गेल्या दिवाळीपासून सगळ्यांना माहीत आहे. वाळवीला अन्न तर हवंच पण त्याआधी ओल हवी. आम्ही दोन्ही पुरवलं, लाकडाचा ढीग बाहेरून आणि गळका नळ आतून.

मंगळवार, १४ मे

मागीलदार. परवा ठोकताना हे राहिलं होतं कारण दार नेहमी उघडं आणि चौकटीला पायपुसण्या टांगलेल्या. खालून दीड फुटापर्यंत आवाज वेगळा, टक्क नाही, ढप. खोक्यावर मारल्यासारखा. ऑइलपेंटला तिथे बारीक सुरकुत्या आणि फुगे होते, आम्ही ते ओल म्हणून दोनदा रंगवलं होतं, गेल्या गणपतीला मी स्वतः.

स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. रंगाचा पापड तेवढा राहिलेला. सोलून काढला तर आत लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांब लांब पन्हळी, मऊ भाग खाऊन टाकलेला, टणक रेषा उभ्या, मधे मातीचं लिंपण. भुंगेऱ्याने खाल्लेलं आणि हे शेजारी ठेवलं तर लहान पोरगंही फरक सांगेल, तिकडे गोल भोकं आणि कोरडं पीठ, इकडे भोक नाही, पीठ नाही, ओली माती.

चौकट फणसाची. फणसाला वाळवी लागत नाही असं आप्पा ठामपणे सांगतात. मेस्त्रींनी तुकडा तोडून दाखवला, आतला पिवळा गाभा खरंच तसाच आहे, खाल्लाय तो बाहेरचा फिका भाग. त्या काळी पैसे वाचवायला पूर्ण गाभ्याची चौकट घेतली नव्हती. सागाचंही हेच. साग म्हणून काय घेतलंय त्यात गाभा किती हे बघायला हवं.

गुरुवार, १६ मे

ठाण्याला परत. निघायच्या आधी जे फुकटात होतं ते उरकलं. बेगमी भिंतीपासून दोन हात लांब, चार चिऱ्यांवर फळ्या टाकून त्यावर रचली (आई: "पावसात भिजली की तूच ये सुकवायला"). न्हाणीघराचा नळ आणि लादी. फडताळ रिकामं, दारं उघडी.

फोनवर दोन पेस्ट कंट्रोलवाल्यांशी बोलले. पहिल्याने घर न बघता "पूर्ण घर स्प्रे, दहा वर्षं वॉरंटी" सांगितलं. विचारलं स्प्रे कुठे मारणार, तर भिंतींवर आणि फर्निचरवर. वाळवी भिंतीवर फिरायला येत नाही हो, ती जमिनीत आहे. दुसऱ्याने आधी विचारलं विहीर आहे का आणि किती लांब. त्याला काम दिलं.

शनिवार-रविवार, २५-२६ मे

पावसाच्या आधी उरकायचं म्हणून परत आले. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानकच आहे, आयएस ६३१३ चा भाग ३, आणि या माणसाने साधारण तेच केलं: भिंत आणि जमीन मिळते तिथे १२ मिमीची भोकं, एकेका फुटावर, खाली मातीपर्यंत, प्रत्येक भोकात जास्तीत जास्त एक लिटर. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, एका लिटर पाण्याला २.१ मिली, मी डबा हातात घेऊन लेबल वाचलं आणि मोजताना समोर उभी राहिले. त्याला राग नाही आला, उलट म्हणाला बहुतेक लोक माप बघत नाहीत आणि मग सहा महिन्यांनी शिव्या देतात.

याला वास नसतो आणि वाळवीला ते कळत नाही, ती त्यातूनच ये-जा करते आणि एकमेकींना चाटताना-भरवताना पसरवते. त्यामुळे लगेच काही मेलेलं दिसत नाही, हळूहळू चालतं. आप्पांना हे पटलं नाही, त्यांच्या मते औषधाचा घरभर वास आला पाहिजे.

विहिरीच्या बाजूला मात्र एकही भोक नाही. विहीर पडवीपासून आठ-दहा पावलांवर, जांभ्याची जमीन, आज ओतलेलं उद्या पाण्यात. त्या अंगाला नुसती माती खरवडून साफ केली आणि भिंतीचा खालचा एक हात उघडा ठेवला म्हणजे काही चढलं तर दिसेल. त्या बाजूच्या लाकडाला फक्त बोरॅक्सचं पाणी, तेही आतून. ही बाजू कच्ची राहिली हे मला माहीत आहे. पाणी जास्त महत्त्वाचं.

मागीलदाराची खालची दोन फूट चौकट कापून नवीन जोड दिला, गाभ्याचा, आणि खाली चिऱ्याचा तुकडा म्हणजे लाकूड जमिनीला टेकणार नाही. वरचे दोन वासे बदलले, बाकी दोघांना मेस्त्रींनी काजूच्या टरफलाचं तेल दिलं. हातमोजे घाला म्हटलं तर हसले, संध्याकाळी मनगटावर फोड.

बागेच्या टोकाला जुनी रोवण आहे, छातीएवढं वारूळ. औषधवाला म्हणाला त्यातही ओतू का. आईने नुसतं बघितलं त्याच्याकडे. आमच्या गावात सातेरी देवीच्या देवळात गाभाऱ्यात वारूळच आहे, आणि या रोवणीच्या भोवती दर पावसात अळंबी येतात. तीही वाळवीचीच शेती असते, आत बुरशीचे मळे करते ती, त्याला फुटतात. घरापासून लांब आहे, राहू दे.

शनिवार, ८ जून

रात्री साडेआठला आप्पांचा व्हिडिओ कॉल. पाऊस लागला, आणि ओटीवरच्या ट्यूबलाइटला हजारो पाखरं. "बघ, औषध फुकट गेलं. पैसे परत माग."

आधी दिवे घालवा म्हटलं, एकच बल्ब राहू दे आणि त्याखाली परातीत पाणी ठेवा. मग आईला म्हटलं एक पाखरू कागदावर ठेवून जवळून फोटो काढ. तीन फोटो हलले, चौथा बरा. चारही पंख सारख्या लांबीचे, अंगापेक्षा मोठे. कंबर नाही, सरळसोट अंग. मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. उडणारी मुंगी असती तर कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. म्हणजे वाळवीच.

पण प्रश्न तो नव्हता. पहिल्या पावसात ती निघणारच, दिव्याला कुठूनही येतात. प्रश्न हा की घरातून निघतायत की बाहेरून येतायत. आप्पांना टॉर्च घेऊन फिरायला लावलं. फडताळ: बंद, आत एकही पंख नाही. मागीलदार: नाही. न्हाणीघर: नाही. मग खळ्यात, आणि तिथे सापडलं. गेल्याच्या गेल्या वर्षी फणस तोडला त्याच्या बुंध्याशेजारी जमिनीला बारीक फटी आणि त्यातून धूर निघावा तशी बाहेर पडत होती. आप्पा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, फोन तसाच धरून उभे. मी पण बघत बसले, पाऊस, टॉर्चचा झोत आणि त्यात सगळी वर वर जाणारी. पाली, बेडूक, शेजारचं मांजर, सगळ्यांची पंगत.

सकाळी आईने सुपलीभर पंख झाडून काढले. बुंधा खणून काढायचा आहे, ऑक्टोबरमध्ये.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

आज नागपंचमी. आईने रोवणीला दूध-लाह्या दाखवल्या आणि मग जोत्याचे फोटो पाठवले, याच क्रमाने. १२ मेच्या तारखेशेजारची रेघ फिकट पडलीय, आईने काडीने मोडली, आत रिकामी, नुसती कोरडी माती गळाली. ट्रंकेवरच्या कागदावर भुसा थोडा आहे, गोल केलेल्या भोकांतून नाही, एका नवीन भोकातून. भुंगेरा अजून एका वाशात शिल्लक आहे तर. ते परवडेल.

गुरुवार, ५ सप्टेंबर

गणपतीसाठी आले. माळ्यावरून माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) उतरवली, उतरवायच्या आधी चारही पट्ट्या ठोकल्या, आता सवयच लागली, काल ट्रेनमध्ये बर्थसुद्धा ठोकून बघितला. टक्क. आप्पा म्हणाले मला वेड लागलंय, आणि मग स्वतः पाट उलटा करून ठोकला.

मागीलदाराचा जोड घट्ट. फडताळ कोरडं, वह्या आता स्टीलच्या डब्यात.

विहिरीकडच्या अंगाला, मोकळ्या ठेवलेल्या पट्टीवर, जमिनीपासून चार बोटं वर, एक रेघ. ओली, गडद. मोडली, आत पांढरं हललं. पेन्सिल आणून शेजारी तारीख टाकली.